दिव्याच्या आधी

संकष्टीला महडच्या गणपतीचं दर्शन घेऊन मी खोपोलीच्या स्टँडवर आले तेव्हा कर्जतची एसटी सुटली होती. म्हणजे अगदी गेली नव्हती. फाटकातून वळत होती, तिची धुळीने भरलेली पाठ दिसत होती, आणि मी पळाले. एवढंच झालं. ठरवलं नव्हतं. मागून दुसरी गाडी होती, घरी घाई नव्हती, चंद्र उगवायला अख्खी दुपार आणि संध्याकाळ पडली होती. एका हातात प्रसादाची पिशवी, पिशवीत नारळ, दुसऱ्या हातात निऱ्या, आणि पाय आपले आपणच उचलले गेले. नारळ मांडीवर आपटत होता, ते कळत होतं. चहाच्या टपरीवरचा माणूस कप हातात धरून बघत राहिला, तेही दिसलं. कंडक्टरने दार उघडून मला दंडाला धरून वर घेतलं आणि म्हणाला, "मावशी, शर्यतीला नाव द्या आता." पुढच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मी खिडकीशी बसले. छाती धडधडत होती, घशात लोखंड चाटल्यासारखी चव आली होती, गुडघ्यांना आपण कुणाचे आहोत तेच कळत नव्हतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, उपासाच्या रिकाम्या पोटात, मला बरं वाटत होतं. दर्शनानंतर वाटतं तसं निवलेलं बरं नव्हे. कुणीतरी आतून खिडक्या उघडाव्यात आणि वारा घरभर फिरावा, तसलं. पळसदरीचा फाटा आला तरी ते गेलं नाही. मी उतरले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मग मला त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायला लागली.

भीती अशासाठी, की ते कुणासाठीच नव्हतं. माझं सगळं आयुष्य कुणासाठी तरी गेलं, असं मी तक्रारीने म्हणत नाही. ते तसं गेलं म्हणून नीट गेलं असंच मला वाटतं. संकष्टी यांच्या तब्येतीसाठी. सोमवार लेकीच्या, अक्षदाच्या लग्नासाठी धरले होते. लग्न झालं, ती शेलूला नव्या बिल्डिंगीत राहायला गेली, तिथून रोज कामाला जाते, सुखात आहे, तरी सोमवार सोडवले नाहीत, कारण देवाशी काम झाल्यावर ओळख विसरल्यासारखं करू नये. प्रत्येक व्रताच्या सुरुवातीला तळहातावर पाणी घ्यायचं, नाव घ्यायचं, कशासाठी ते म्हणायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी सोडलं की ते काम माझं राहत नाही, ज्याचं नाव घेतलं त्याचं होतं. एसटीमागे पळताना मी कुणाचं नाव घेतलं होतं? लहानपणी आमच्या गावात, खालापूरच्या पुढे डोंगराच्या अंगाला, भातशेतांच्या बांधांवरून मी पळत असे, तेव्हा आई घरातून ओरडायची, "घर पेटलंय का गं तुझं?" बाईमाणसाने पळायचं ते आग लागली म्हणून, पोर विहिरीकडे गेलं म्हणून, घरातलं कुणी गेल्याचा निरोप आला म्हणून. मी मोठी झाले, घर कुठे पेटलं नाही, आणि पळणं सुटलं. कधी सुटलं ते आठवत नाही. अशा गोष्टी सुटताना आवाज करत नाहीत.

अक्षदा लग्नाआधी पळायचे बूट घेऊन आली होती. दोनचार दिवस पळाली, मग ते बूट माळ्यावर गेले ते तिथेच राहिले. संकष्टीनंतर दोनतीन दिवसांनी पहाटे मी ते काढले. मला मोठे होत होते. पुढे कापूस कोंबला. हाताशी होता तो वातींचा कापूस, तोच घेतला, आणि घेताना देव्हाऱ्याकडे बघितलं नाही. साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचली, पदर कमरेला आवळला, फुलांची परडी हातात घेतली. परडी असली की बाईला कुणी विचारत नाही. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे, त्याच्या फांदीला परडी अडकवली. अजून उजाडायचं होतं. आजूबाजूला माणूस नव्हतं. तरी मी आधी थोडं चालले, मग भरभर चालले, जणू काही आठवल्यासारखं, आणि मग त्या भरभर चालण्यातूनच, लबाडीने, पळायला लागले.

विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. तेवढंच. दुसरा खांब आला तेव्हा मी त्याला धरून उभी राहिले आणि माझा श्वास मलाच परक्या जनावरासारखा ऐकू आला. बरगडीखाली सुई टोचत होती. मग एक खांब चालायचं, एक खांब पळायचं, असं मी माझं मीच बसवलं, कुणी शिकवलं नाही. पहिले दिवस बूट फटफट वाजायचे. पाऊल हळू ठेवलं की वाजत नाही, हे हळूहळू कळलं. श्वासाला नाम लावून बघितलं, कारण मला रिकाम्या श्वासाची सवय नाही. चालताना, निवडताना, गाडीत बसून, श्वासाबरोबर नाम चालूच असतं. पळताना ते टिकेना. पहिलं अक्षर एका पावलाला, दुसरं पुढच्या पावलाला, आणि मग दम लागला की अक्षरं गळून जायची. उरायचा नुसता श्वास, आत, बाहेर, आत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी घाबरून थांबले. इतक्या वर्षांत डोक्यात नाम नाही अशी घटका मला आठवत नव्हती. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी देवाची माफी मागितली. मग पुन्हा पळाले, पुन्हा नाम गेलं, आणि यावेळी मी थांबले नाही. धरणाचं पाणी पांढुरकं दिसायला लागलं होतं, पलीकडच्या घाटात कुठेतरी मालगाडी चढत होती, तिचा दम आणि माझा दम एकमेकांत मिसळत होते. देव रागावला असता तर एवढी सुंदर सकाळ कशाला दाखवली असती, असं वाटलं, आणि असं वाटणं म्हणजेच आपण घसरतोय, असंही वाटलं.

हे सगळं मौनात चालायचं. माझं सकाळचं मौन असतं. झोपेतून उठल्यापासून आंघोळ करून देवापुढे दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. गावाला हे ठाऊक आहे. दूधवाल्याला ठाऊक आहे, तो पातेल्यात दूध ओतून जातो आणि हिशोब संध्याकाळी बोलतो. हे मौन यांच्यासाठी आहे. हे, म्हणजे माझे मालक मालोजी, खोपोलीला कारखान्यात होते. एका पहाटे पाळीवरून येऊन दारातच बसले आणि मग आडवे झाले. पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. छातीचं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्र निघाली तर बघू. ती रात्र मी बाकावर काढली. उजाडताना एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "पेशंटच्या कोण तुम्ही?" आणि मला आवाजच फुटेना. तोंड उघडलं, ओठ हलले, काही आलं नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा मला वाटलं, देवाने मागितलंय ते हेच. माझ्याजवळ दुसरं होतं काय? मी मनात पाणी सोडलं, यांना परत दे, माझी सकाळची वाणी तुझी, दिवा लागेपर्यंत शब्द उच्चारणार नाही, जन्मभर. सकाळ निघाली. हे परत आले. तेव्हापासून एकदाही मोडलं नाही. अक्षदाच्या लग्नाच्या सकाळी पाहुणे दारात असताना नाही, सासूबाई गेल्या त्या सकाळी सगळे रडत होते तेव्हाही नाही. मी दिवा लावला आणि मग रडले.

यांना ते आवडलं का? मी कधी विचारलं नाही. सुरुवातीला डोळे भरून यायचे त्यांचे. मग सवय झाली. मग ते सकाळी रेडिओशी बोलायला लागले. "काय म्हणता, पुण्यात थंडी? आमच्याकडं या," असं रेडिओला म्हणायचे आणि चोरून माझ्याकडे बघायचे, मी हसते का. एकदाच म्हणाले, तेही दुपारी, पान लावता लावता, "छाया, माझ्यासाठी गप्प बसलेली बाई समोर असली की मला खोकायचीपण चोरी होते गं." मी म्हटलं, "काहीतरीच." पण ते वाक्य कुसळासारखं लुगड्यात राहून गेलं, दिसत नाही, बसलं की टोचतं. पळायला लागल्यावर एक नवीन गोष्ट झाली. मौन जड वाटेना. घरात गप्प असते तेव्हा मी काहीतरी धरून ठेवलेलं असतं, दाताखाली. पळताना धरून ठेवायला काही नसायचं. बोलायला दमच नाही, तर न बोलण्याचं ओझं कसलं? मी परत यायचे, करंजावरून परडी काढायचे, कुंपणाची जास्वंद आणि तगर खुडायचे, बूट लाकडांच्या मागे ठेवायचे, आंघोळ, दिवा, आणि मग पहिला शब्द, "चहा ठेवू?" हे म्हणायचे, "तोंडावर तजेला आलाय गं तुझ्या, कुठला उपास धरलायस हल्ली?" मी म्हणायचे, "फुलांना जाते, हवा लागते." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. दोन्हींच्या मधल्या त्या अरुंद बांधावरून मी रोज पळत होते, आणि रोज संध्याकाळी ठरवत होते की उद्या पाणी सोडताना याला कुणाचं तरी नाव लावून टाकू. यांच्या छातीसाठी पळते म्हणावं. अक्षदाला मूल होऊ दे म्हणून म्हणावं. मग ते व्रत होईल, मग ते सगळ्यांना सांगता येईल. तळहातावर पाणी घ्यायचे आणि नाव यायचं नाही. खरं कारण इतकंच होतं की मला पळायचं होतं, आणि याला कुणाचं नाव लावलं की ते माझं राहणार नव्हतं.

पौषातल्या एका रात्री हे खोकत होते. छातीला तेल चोळलं, उशी उंच केली. पहाटे त्यांना गाढ झोप लागली, आणि माझाही डोळा लागला. उठले तेव्हा खिडकीत उजेड होता. आज नको, असं मनात आलं. पायांनी ऐकलं नाही. परडी घेतली, बूट घातले. यांच्याकडे बघितलं, तोंड उघडं टाकून झोपले होते, पांघरूण वरखाली होत होतं. ते बघूनच निघाले. मग रस्ताभर ते वरखाली होणं डोळ्यांसमोर राहिलं.

धरणाच्या रस्त्याला दोन्ही अंगांना वालाची शेतं आहेत. भात निघालं की तिथे वाल. मी नेहमी जायचे तेव्हा तिथे काळोख असायचा. आज शेंगा तोडायला माणसं वाकलेली होती. मोतीबाई होती, डोक्याला फडकं बांधून. आमच्या मागच्या आळीत राहते, आवाज असा की स्टेशनात ऐकू यावा. तिचा नवरा नागूभाऊ बांधावर बिडी ओढत बसला होता. स्वप्नील, तिचा पुतण्या, टेंपोत पोती चढवत होता. मी त्यांना बघितलं तेव्हा करंज मागे राहिला होता, परडी फांदीला होती, साडी पोटऱ्यांच्या वर होती, आणि मी पळत होते. थांबावं तर का थांबले ते सांगता येणार नव्हतं. "छाया हाय का ती? काय झालं गं?" मोतीबाई ओरडली. मला इतकी लाज वाटली की मी कमरेचा पदर ओढून काढला, तोंडावर धरला आणि अजून जोरात पळाले. दुसरं काही सुचलंच नाही. आता लिहिताना कळतं की पदराने तोंड दाबून, हाकेला ओ न देता, सकाळच्या पारी धरणाकडे पळत सुटलेली बाई कशी दिसते. तेव्हा मला फक्त माझे कान गरम झालेले कळत होते. आणि त्या लाजेतसुद्धा, काय सांगू, मी एक खांब पळून दुसऱ्यालाही थांबले नाही.

धरणाच्या भिंतीवर चढले तेव्हा मागून पावलं ऐकू आली. एक माणूस नाही, पुष्कळ. मी वळून बघितलं. सगळं शेत रस्त्यावर आलं होतं. मोतीबाई पुढे, फडकं सुटून गळ्यात आलेलं, मागे नागूभाऊ, स्वप्नील, आणखी चारपाच जण, कुणाच्या हातात दोर. ती माणसं माझ्याकडे बघत पळत येत होती आणि त्यांच्या तोंडावर ते होतं, वाईट बातमी असते ते. पांघरूण वरखाली होताना थांबलेलं दिसलं मला, स्पष्ट, उजेडासकट. हे गेले. शेजारच्यांनी बघितलं, फोन केला, आणि ही माणसं मला सांगायला येतायत. मी भिंतीच्या कठड्याला धरलं. इतकी वर्षं जिला मी दाराबाहेर रोखून धरलं होतं ती सकाळ शेवटी आली, आणि आली तेव्हा मी घरात नव्हते, मी पळत होते, कुणासाठीच नाही.

"कुठं हाय?" मोतीबाई माझ्यापर्यंत पोचून म्हणाली. छाती भात्यासारखी चालली होती तिची. "कोन पडलं गं? कोन पडलं पान्यात?"

मी पदर तोंडावर आणखी घट्ट धरला.

"अगं तिचं मौन हाय," मागून कुणीतरी बाई म्हणाली.

"मौन हाय मला म्हाईत नाय? खुना कर गं, खुना कर. बाई हाय का बाप्या?"

मी मान हलवली. जोरजोराने. दोन्ही हात हलवले, कुणी नाही, कुणी नाही.

"दोन? दोघंजनं पडली?"

"काकू, पोलिसांना लावू का फोन?" स्वप्नील मोबाइल काढून म्हणाला. "इथं रेंज पण मरते साली."

"पोलिस काय पवनार हायत का रं? आंबुलन्सला लाव!" मोतीबाईने माझे दोन्ही खांदे धरले. "छाये, बोल गं माझी माय. देवाला मी सांगते, माझ्या डोक्यावर घेते पाप, पन बोल!"

म्हणजे घरून काही नव्हतं. बातमी त्यांच्याकडे नव्हती, ते माझ्याकडून घ्यायला आले होते. हे माझ्या डोक्यात शिरायला एक क्षण लागला, आणि ते शिरलं तसं अंग इतकं हलकं झालं की मला चक्क हसू यायला लागलं. पदराआडून खांदे हलले. ते बघून मागची बाई रडायलाच लागली. आणि तेवढ्यात मी नागूभाऊंना बघितलं. सगळे बोलत होते तेव्हा ते बोलले नव्हते. अंगातला सदरा काढून त्यांनी कठड्यावर ठेवला होता, दोराचं एक टोक कमरेला बांधलं होतं, आणि ते पायऱ्या उतरत होते. म्हातारा माणूस. बिडीने पोखरलेली छाती, फासळ्या मोजता याव्यात अशी. पौषातलं पाणी, त्यावर अजून धुकं तरंगत होतं. शेवाळावरून त्यांचा पाय सरकला, ते कमरेपर्यंत गेले, मग सावरून पुढे, छातीपर्यंत, आणि त्यांनी डोकं खाली घालायला श्वास भरून घेतला. तो श्वास मला ऐकू आला. रोज मला माझा ऐकू येतो तसा.

देवाशी काय बोलले त्या क्षणी, ते मला सांगता येत नाही. काही बोलले नाही. एका बाजूला यांचं पांघरूण होतं, वरखाली होणारं, आणि ते माझ्या मिटलेल्या तोंडाला बांधलेलं होतं, पनवेलच्या त्या बाकापासून. दुसऱ्या बाजूला तो गार पाण्यातला श्वास. तराजू वगैरे काही नव्हता. एसटीमागे पाय गेले होते तशी जीभ गेली.

"नागूभाऊ, बाहेर या! कुणी पडलं नाही!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सकाळचा आवाज होता तो, जाड, न वापरलेला. पाण्यावरून पलीकडे जाऊन परत आला. नागूभाऊ छातीभर पाण्यात उभे राहून वर बघत होते.

"कुणी नाय?" मोतीबाई म्हणाली.

"कुणी नाही."

"मंग तू कशाला पळत व्हतीस?"

इथे मी नाव लावू शकले असते. यांच्या छातीसाठी, अक्षदासाठी. सगळ्यांनी हात जोडले असते. मौन तर मोडलंच होतं. पण मोडलेल्या तोंडातून खोटं कसं काढू?

"अशीच," मी म्हटलं.

"अशीच?"

"अशीच पळते मी. रोज. मला बरं वाटतं."

पाण्यातून नागूभाऊंचा आवाज आला, दात वाजत होते, "मंग मी कशाला भिजलो गं?"

पहिल्यांदा स्वप्नील हसला. मग रडणारी बाई हसली, मग सगळेच. मोतीबाईने माझ्या दंडात असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. "भवाने," ती म्हणाली, "माझा जीव गेला असता ना! पळते म्हनं! आन् आमी हितवर तुझ्या मागं अख्खा वाल सोडून! बघ माझ्या पायात चप्पल नाय." खरंच नव्हती. तिने खाली बघितलं, माझे बूट बघितले. "पोरीचे हायत का?" मग नवऱ्याला ओरडली, "अवं, या की वर! पान्यात काय ठेवलंय?" तिने स्वतःचं फडकं काढून त्यांची पाठ पुसायला घेतली, पुसता पुसता शिव्या देत, आणि मी बघितलं की ती पळत आली होती, शेतापासून भिंतीपर्यंत, एका दमात, माझ्यापेक्षा वयाने मोठी, आणि तिच्या गालांवर लाली चढली होती.

मग मला दिवा आठवला. दिवा लागला नव्हता आणि मी बोलले होते. एक शब्द नाही, कितीतरी. हसण्याच्या मधोमध ते आठवलं. "काकू, आता कुठं?" स्वप्नील ओरडला, कारण मी पळत सुटले होते. यावेळी खरंच पळत होते, घर पेटल्यासारखी. खांब येत होते आणि जात होते. एकही मी धरला नाही. करंज गेला, परडी गेली. नाम घ्यायचा प्रयत्न केला, दुसऱ्याच अक्षराला दम तुटला. बरगडीखालची सुई टोचायला आली आणि कंटाळून गेली. रेल्वेच्या बाजूच्या वळणावर मला वाटलं आता पडणार, आणि तिथेच काहीतरी मोकळं झालं. पाय माझे नव्हते, रस्त्याचे होते, श्वास आत बाहेर आपला येत होता, कुणी ओढत नव्हतं त्याला. एवढ्या भीतीत असं बरं वाटावं, याचं मला आश्चर्य करायलाही वेळ नव्हता. आयुष्यात इतकं अंतर मी न थांबता कधी पळाले नव्हते. हे मला अंगणात पोचल्यावर कळलं, तुळशीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून वाकले तेव्हा.

घरात रेडिओ चालू होता. रेडिओ आदल्या रात्रीपासून चालू राहू शकतो, माणूस नसतानाही. मी दारात आले. बूट काढायचं भान नव्हतं.

हे ओट्यापाशी उभे होते. उपरणं गळ्याला गुंडाळलेलं, हातात गाळणी, चहा गाळत होते आणि निम्मा चहा बशीत पडत होता. त्यांनी वर बघितलं. माझे सुटलेले केस, खोचलेली साडी, अक्षदाचे धुळीने भरलेले बूट. गाळणी तशीच हातात राहिली. तोंड उतरलं त्यांचं.

"कोण गेलं गं?" ते म्हणाले.

"कुणी नाही," मी म्हटलं. दम पुरत नव्हता. "कुणी नाही गेलं. सगळे आहेत."

त्यांना उत्तराआधी आवाज ऐकू आला असावा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, केसांतून घाम ओघळलेल्या माझ्या तोंडाकडे. "तुझा सकाळचा आवाज असा आहे होय," ते म्हणाले. "विसरलोच होतो मी." आणि ते खोकले. चांगलं दणकून खोकले, मोकळेपणाने, हात न लावता तोंडाला. मग डोळे पुसले, ते खोकल्यामुळे की कशामुळे मी बघितलं नाही, कारण तेवढ्यात माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं होतं.

दिवा लागलेला होता. यांनी लावला होता. कधी लावत नाहीत. वात फार पुढे ओढलेली, ज्योत लांब, तिचा काजळी धूर गणपतीच्या मुकुटावर चढत होता. फुलं नव्हती. तेल ताम्हनात सांडलं होतं. "तुला उशीर झाला ना," ते माझ्या नजरेमागून म्हणाले, "म्हटलं, लावून ठेवावा. म्हणजे आल्या आल्या बोलशील तरी."

आंघोळ राहिली होती, तेही आठवलं. पण दिवा. कधी लावला? मी धरणावर ओरडले त्याच्या आधी, की नंतर? मोतीबाईने खांदे धरले तेव्हा, नागूभाऊ पायरीवरून सरकले तेव्हा, इथे हे काडी ओढत होते का? आधी लागला असेल तर माझं काही मोडलंच नव्हतं. नंतर लागला असेल तर मोडलं होतं, आणि तरी हे माझ्यासमोर उभे होते, बशीतला चहा कपात ओतत, अर्धा ओट्यावर सांडत. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कुठलं काम करताना रेडिओवर काय चालू होतं ते यांच्या बरोबर लक्षात राहतं. प्रश्न जिभेवर आला. मी तोंडही उघडलं.

मग पुढे झाले, बोटाच्या टोकाने वात मागे ओढली. ज्योत लहान झाली, स्थिर झाली, धूर थांबला. बोटाला चटका बसला, ते तोंडात घातलं.

"साखर घातलीत का?" मी विचारलं.

"बघ की पिऊन," हे म्हणाले. "आणि ते बूट काढ आधी. का परत जायचंय?"

"उद्या," मी म्हटलं, आणि उंबऱ्यावर बसून नाड्या सोडायला लागले. वातींचा कापूस घामाने भिजून बोटांना चिकटला होता.